बदलीपुरती वेदना

३ डिसेंबर
तळपायांची आग. वर्षभर बुटांना दोष दिला, मग कोलकात्यातल्या या डमडमच्या पाण्याला. डॉ. लाहिरी म्हणतात, मधुमेहाने नसा बिघडल्यात, साध्या पेनकिलरने भागणार नाही. प्रेगाबालिनची गोळी, रोज रात्री. गुण यायला वेळ लागेल, पण मनाने बंद करायची नाही. सरकारी अधिकाऱ्याला शिस्त शिकवतात.

४ डिसेंबर
गुंगी. मेट्रोत उभ्या उभ्या झोपलो. शकुन म्हणाली, ऑफिसात हेच करता, आता निदान गोळीचं निमित्त आहे. बायकोचं काय मनावर घ्यायचं.

९ डिसेंबर
पुण्याहून आमच्या खात्यातल्या श्रीकांतचा फोन. मेडिकल ग्राउंडवर बदली मिळते म्हणे. त्याची कंबर इतकी वर्षं दुखतेय की पुण्यात दोन फ्लॅट झाले. लगेच अर्ज टाकला: कोलकात्याच्या हवेने पाय जळतात. मेडिकल बोर्डाची तपासणी जानेवारीत. शकुनला विचारलं नाही. आनंदच होईल तिला.

२२ डिसेंबर
संकट. पाय बरे वाटतायत. पांघरुणाचा स्पर्शही सहन होतो. शौनक त्याच्या मराठीत म्हणाला, बाबा, तू तर एकदम ठीक चालतो आहे. पोराला समज नाही. बरा झालो तर बोर्डाला दाखवू काय?

२ जानेवारी
बोर्डापर्यंत गोळी बंद. मनाने नाही, विचारपूर्वक. शिवाय नववर्षाचा संकल्प: साखर बंद. नोलेन गुळाचे संदेश, म्हणजे खजुरीच्या गुळाची इथली मिठाई, यात धरलेले नाहीत. तो गूळ आहे.

५ जानेवारी
झोप नाही. घाम. पायांखाली निखारे, अर्जात लिहिले होते त्याहून जास्त. शौनकवर ओरडलो, मग पंख्यावर. शकुनने विचारलं, गोळी घेताय ना? म्हटलं, घेतोय. याला खोटं म्हणत नाहीत. प्रशासकीय गोपनीयता.

८ जानेवारी
कळवळतोय. तयारी उत्तम.

९ जानेवारी
बोर्ड. लंगडत गेलो, अभिनय करावाच लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, औषध नियमित घेता, की मध्येच सोडणाऱ्यांपैकी आहात? तुमच्या खात्यातले बहुतेक सोडणारेच. हे कोण ऐकून घेणार? म्हटलं, मॅडम, एक गोळी चुकलेली नाही. गुण आला का, विचारलं. म्हटलं, भरपूर. शिस्तीने घेतल्यावर येणारच. बाईंनी सगळं लिहून घेतलं. छाप पडली. श्रीकांतला फ्लॅट बघायला सांगितलंय. गोळी निकालापर्यंत बंदच; पुन्हा तपासायला बोलावलं तर?

२० जानेवारी
निकाल. इथल्या उपचारांनी उत्तम गुण आहे, ते खंडित होऊ नयेत म्हणून बदली नामंजूर. वर मुक्काम दोन वर्षं वाढवलाय. शकुन म्हणाली, बरं झालं, मला कुठे जायचं होतं पुण्याला, कधी विचारलंत?

संध्याकाळी डॉ. लाहिरींकडे. आग परत कशी आली, गोळी बंद केली होती का, म्हणाले. म्हटलं, छे. मग ही लागू पडत नाही, दुसरी जोडतो, असं म्हणून त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात शकुन बोलली. जानेवारी लागल्यापासून एक गोळी पाकिटातून हललेली नाही, मी रोज बघते.

डॉक्टरांनी दुसरं औषध रद्द केलं. तीच गोळी, पुन्हा लहान डोसपासून. ताबा शकुनकडे. रात्री तिने पाणी पुढे केलं आणि गिळल्यावर जीभ दाखवायला लावली.

दाखवली.