कन्यादान होईपर्यंत

३ फेब्रु.
फळ्यावर लिहिता लिहिता उजवी चप्पल पायातून निघून गेली, मला पत्ताच नाही. सातवीच्या पोरी हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. कंबरेपासून पोटरीपर्यंतची कळ महिन्याभराची आहेच, आता अंगठाही बधिर. हे म्हणाले, एमआरआय करून टाकू.

५ फेब्रु.
झाला एमआरआय. ठकठक ठकठक, जणू पॉवरलूमच्या कारखान्यात निजले होते. रिपोर्ट घेऊन डॉ.कडे हे एकटेच गेले, मला प्री-बोर्डची ड्यूटी. येऊन म्हणाले, "शीर थोडी दबलीय. गोळ्या, पट्टा, आराम." इंग्रजी रिपोर्ट मनूने वाचला. पुतणी माझी, फार्मसी शिकलेली. "काकू, कुछ नहीं ग, या उमरमध्ये सगळ्यांचंच असं निघतं. टेन्शन नको घेऊ." बरं वाटलं. पंधरा दिवसांत लग्न आहे तिचं. मोठे दीर गेले, जाऊबाई एकट्या, म्हणून कन्यादान आम्हा दोघांच्या हातून.

९ फेब्रु.
ह्यांनी जसोंडीला नेलं, पायाळू बाईकडे. जन्मताना ज्यांचे पाय आधी आले, त्यांनी कंबरेला पाय लावला की उसण उतरते, लहानपणापासून बघतेय. पालथी निजले, तिने तीनदा टाच लावली. हे बाजूला हात जोडून उभे! जन्मभर फिजिक्स शिकवलेला माणूस. कौतुकच वाटलं, माझ्यासाठी एवढं करतात म्हणून. येताना रस्त्याने गाडी अशी आपटली की उतरलेली कळ घरी येईपर्यंत परत चढली.

१४ फेब्रु.
पाऊल वर उचलतच नाही. जिन्यात बोटं अडकतात. इंदूर-जळगावला मोठ्या डॉ.ना दाखवू म्हटलं तर हे केवढे चिडले. "आधी लग्न निपटू दे ना! आराम कर सांगितलंय ना तुला?" आराम! घर पाहुण्यांनी भरलंय.

१९ फेब्रु.
लग्न झालं. शालूखाली पट्टा आवळून अडीच तास पाटावर. उजवा पाय हाताने उचलून मांडी घातली. मी पाणी सोडत होते आणि हे ओंजळ सोडून माझ्या पायाकडे बघत होते. निघताना मनू गळ्यात पडली, "काकू, माफ कर." मुली म्हणतातच तसं. घर सुनं सुनं झालंय.

२३ फेब्रु.
गोळ्या संपल्या म्हणून एकटीच डॉ.कडे गेले. मी पाय ओढत आत येतेय बघून ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, आप अभी तक यहीं हो? मैंने सर को उसी दिन बोला था, हफ़्ते के अंदर सर्जन को दिखाओ. पैर की ताक़त जा रही है." विचारलं, किस दिन? पाच तारखेला. परत विचारलं. पाच तारखेलाच.
गोळ्या न घेताच बाहेर आले.

२४ फेब्रु.
विचारलं. आधी हे नाहीच म्हणाले. मग खाली बघून, "तू ॲडमिट झाली असती तर पाटावर कोण बसलं असतं?" म्हटलं, मनूचे मामा-मामी बसले असते! "लोक काय म्हटले असते, सख्खा काका असून? सोचा, पंधरा दिन की तो बात है." मनूला रिपोर्ट वाचून सगळं कळलं होतं. ह्यांनीच तिला शपथ घातली.
पंधरा दिवस कोणाचे? पाय कोणाचा? मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, पोरीचं लग्न आधी. नक्की म्हटलं असतं. पण मला विचारायचंसुद्धा नाही? आणि सगळं ठाऊक असून जसोंडीला हात जोडून उभा राहिला हा माणूस. मी पालथी पडलेली आणि हा

२६ फेब्रु.
मनूचा फोन, सासरहून. "काकू, बोल ना काहीतरी." काय बोलू? पाटी-पेन्सिल हातात मी दिली हिच्या. ठेवून दिला. मग रडत बसले.

२ मार्च, जळगाव
वाटेत इच्छापुरला ह्यांनी गाडी थांबवली, देवीला नमस्कार करून येऊ म्हणे. म्हटलं, तुम्ही जा. मी गाडीतच बसून राहिले.
सर्जन तरुण आहेत, तोंडावर सांगणारे. कळ जाईल. पाऊल परत उचलेल का, सांगता येत नाही. "लवकर आला असता तर..." मी म्हटलं, पूर्ण बोला, ह्यांच्यासमोरच बोला. बोलले. हे भिंतीकडे बघत होते.

३ मार्च
उद्या सकाळी ऑपरेशन. नातेवाइकाच्या सहीचा कागद आला, ह्यांनी पेन काढलं. करू दिली सही, कोणीतरी लागतंच. "सुमन, एकदा तरी बोल," म्हणाले. मी थर्मास त्यांच्या हातात दिला.
ते चहाला गेले तेव्हा नर्सला हळूच सांगितलं, ऑपरेशननंतर डॉ. जे काही म्हणतील ते बाहेर कोणाला सांगू नका, मी शुद्धीवर आले की आधी मला सांगा.
ती हसली. "असं कसं मावशी, तुम्ही तर गुंगीत राहणार. बाहेर काका उभे असतील ना, त्यांनाच सांगतात."