बाभळीच्या कोळशावरची मोटार

४ जानेवारी १९४४, घोडेगाव

दाजींची मोटार आज घरी आली, तीही दोन बैलांच्या मागे. दाजी बैल हाकत होते आणि मी आत बसून चाक धरले होते. वेशीपासून निम्मे गाव बरोबर चालत होते. शेजारच्या केशरबाईंनी तोंडाला पदर लावून विचारले, "मास्तर, हिला कडबा घालायचा का पेंड?" अक्का इतकी हसली की तिला पोट धरून ओट्यावर बसावे लागले.

मी कालच राहात्याहून आले. अक्काचे बाळंतपण होईपर्यंत इथेच राहायचे आहे. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, मला घरीच लिहायला शिकवले, तेव्हापासून घडले ते आणि तेवढेच लिहायचा नियम आहे.

मोटार वीस वर्षांची, नगरच्या एका ठेकेदाराच्या गोठ्यात पडून होती. टपाला भोके, गाद्यांत उंदरांची घरे. पण अक्काचे पहिले बाळ नगरच्या वाटेवर बैलगाडीतच गेले. या खेपेस कळा सुरू होताच आणा, असे नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. गावावरून जाणाऱ्या सर्विस मोटारीचा भरवसा नाही, नगरात फौजेमुळे भाड्याची खोली मिळत नाही. म्हणून दाजींनी अक्काच्या पाटल्या मोडून ही मोटार घेतली. दाजी शाळामास्तर असले तरी लहानपणी मिशनच्या ड्रायव्हराकडे हे काम शिकलेले आहेत.

११ जानेवारी

अंगणाचा कारखाना झाला आहे. शाळा सुटली की दाजी बाह्या सरसावतात. मी हाताखाली. कुरुंदाची पूड तेलात कालवून व्हॉल्व्ह घासले. रेडिएटर गळत होता तिथे साबण आणि कणीक लिंपली. ब्रेकला पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून बसवला. दाजींनी आवळलेला प्रत्येक नट मी पुन्हा आवळून पाहते. दाजी म्हणाले, देव सृष्टी निर्माण करत होता तेव्हा ही आमची दया जवळ असती, तर त्याला सातव्या दिवशीही विश्रांती मिळाली नसती.

पेट्रोल आमच्यासारख्यांना मिळत नाही. म्हणून लोहाराकडून पत्र्याचे उंच पिंप करून मागे बसवले. त्यात कोळसा धुमसत ठेवायचा, हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा आणि निघणारा वायू नळीने इंजिनात न्यायचा.

१८ जानेवारी

बाजारात कोळसा आहे, पण काळ्या बाजाराच्या भावाने. दाजी घ्यायला तयार होते. मी नको म्हटले. युद्धात लोक उपाशी असताना असल्या कोळशावर बाळाला जगात आणायचे, हे मला पटेना. दाजी चिडले नाहीत. मेव्हणीबाईंनी मग धर्माचा कोळसा दाखवावा, एवढेच म्हणाले.

मी दाखवला. आपल्या कबरस्तानात एक मोठी बाभूळ वाळून उभी होती. ती आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मालकीची, कोणाची चोरी नाही. पाळकसाहेबांनी लगेच परवानगी दिली. १९१८ सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत श्वास कोंडून गेलेली माणसे तिच्याच भोवती पुरली आहेत, असे त्यांनी सहज सांगितले. आपले मेलेले पुनरुत्थानापर्यंत निजलेले असतात, त्यांना लाकडाचे काय? कोळसे पाडणाऱ्या सहादेवने झाड तोडून तिथेच भट्टी लावली. मुळे थडग्यांच्या आतपर्यंत गेली होती म्हणाला.

आज पोती आली. थोडा कोळसा चुलीत पेटवून पाहिला. केशरबाई रोज सकाळी आमच्याकडून विस्तव नेतात. आज खापर रिकामेच घेऊन परत फिरल्या. "त्या इस्तवावर माझ्या लेकरांची भाकर न्हाई भाजायची, बाई."

२४ जानेवारी

मोटार सुरू झाली. मी पंखा फिरवला, नळीच्या तोंडाशी काडी धरली, वायू निळा पेटला, दाजींनी हँडल मारले. अक्काला घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी झाली. तिला पाळण्यात बसल्यासारखे वाटले.

इंजिन खोकत सुरू होते, असे सगळेच म्हणतात. पण हा खोकला एकाचा वाटला नाही. एक थांबला की दुसरा, मग तिसरा, जरा लांबून. एखाद्या खोलीत पुष्कळ आजारी माणसे निजलेली असावीत तसा.

२८ जानेवारी

सकाळी मोटारीच्या मागच्या गादीवर आमच्या कोंबड्या मेलेल्या सापडल्या. कुठे जखम नाही. तुरे जिवंतपणीपेक्षा लाल. दाजी म्हणाले की हा वायू विषारी असतो, त्याला वासही नसतो, कुठेतरी सांधा गळत असणार. त्यांनी सगळे सांधे चिंध्या आणि मातीने बुजवले. कारण कळल्यावर मला बरे वाटायला हवे होते.

पण काल संध्याकाळी पिंप मीच विझवले, राख मीच काढली. दाजींना वाटते मी विसरले. मी असे विसरत नाही.

१ फेब्रुवारी

दाजींच्या गालांवर लाली आली आहे. मोटार मानवली मास्तरांना, असे लोक म्हणतात. त्यांचे डोके सारखे दुखते, तरी शाळेतून येताच आत जाऊन बसतात. चौथीच्या मुलांना आज एकच कविता तीनदा शिकवली म्हणे.

पंखा फिरवताना माझा हात थांबला. नळी थांबली नाही. आत ओढत होती, बाहेर सोडत होती. मी तिच्या तोंडावर तळवा ठेवला. तळवा ओढला गेला. मग लक्षात आले की माझा श्वासही तिच्याच तालात पडतो आहे.

मी दाजींना म्हटले, माझी कर्णफुले मोडा, बाजारातलाच कोळसा आणा, मी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, आता तोही नाही, सगळा फौजेने उचलला. बाभूळ सुचवली होती ती मीच.

३ फेब्रुवारी

अक्का सांगते, इंजिन चालू असले की बाळ हलते. बंद केले की हलत नाही. हसत सांगते.

मी हात ठेवून पाहिले. खरे आहे.

आज दोनदा तिनेच दाजींना मोटार सुरू करायला लावली. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, तू फार विचार करतेस, प्रार्थना कर. करते आहे. प्रार्थनेतही तोच ताल—

५ फेब्रुवारी, सकाळ

कळा सुरू. दिवस भरले नाहीत अजून.

गावातल्या कारभारींची बैलगाडी आणते म्हटले. अक्का गाडीचे नाव काढू देईना. "माझं एक लेकरू गाडीत गेलं, दया. दुसरं न्हाई नेणार."  निघालो. वारा बोचरा, म्हणून टपाचे पडदे लावलेले. वही बरोबर घेतली आहे.

दुपार

इमामपूरचा घाट. चढावर मोटार पुढे जाईना. दाजी जेऊरला बैल आणायला पळत गेले. इंजिन बंद पडू देऊ नकोस म्हणाले.

अक्काचा श्वास इंजिनाबरोबर चालतो. इंजिन मंदावते तेव्हा तिचाही—

पडदा उघडायला गेले तर तिने मनगट धरले. "उघडू नको. त्यांना थंडी वाजती."

 मागे गादीवर जागा उरलेली नाही असे वाटते. आम्ही दोघीच आहोत.

—

शेवटचे पोते ओतले. पंखा फिरवते आहे. हात—

—

पिंपात राख. गार. इंजिन मात्र चालते आहे, हळू.

अक्काच्या नाकाशी बोट धरले. काही लागत नाही. गाल किती लाल.

बाळ हलते आहे. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला. ठोके लांब पडत आहेत. देवा, फार लांब—

—

नळीचे पिंपाकडचे टोक सोडवले. त्यातून इंजिनात फुंकले. इंजिनाने वेग घेतला. बाळ हलले.

थांबले की मंदावते. एक ओळ लिहिते, मग फुंकते.

वरच्या वळणावर बैल दिसले. दाजी पुढे आहेत. तेवढा वेळ पुरेल इतका दम माझ्यात—