मोठ्या बाई आपल्याकडं जेवायला येतील तेव्हा

दुबई, १० डिसेंबर २००५

अन्वरी,

तुला सलाम, अम्मांना आदाब. मी बरा आहे. अम्मांचा गुडघा काय म्हणतो? फोनवर भोवती माणसं असतात, म्हणून लिहितोय.

तू मागं विचारलंस, तुमच्या ऑफिसात विकतात काय? काहीच न्हाई. शेठ आणि त्यांच्या ओळखीची तीन घराणी आपला पैसा एकत्र करून दुसऱ्यांच्या धंद्यात घालतात. आधी मला ही माणसं लई कोरडी वाटायची. पण कुणावर भरवसा टाकायचा, तर आधी त्याच्या घरी जाऊन जेवतात. कागद मागनं माझ्याकडं येतात. शेठच्या आई, म्हणजे मोठ्या बाई, रांधणारीला शेजारी बसवल्याशिवाय घास घेत न्हाईत.

आता आपल्या भोरजवळच्या मार्गासनीची एक डेअरी त्यांच्या मनात भरलीय. तिथं आपला माणूस ठेवायचा म्हणतात. काल बाई मला म्हणाल्या, "फिरोज, भोरला तुझ्या घरी जेवायला मिळेल ना?" मला नुसतं 'जी' म्हणता आलं.

महिनाअखेरीला येतील. मी हितंच असेन. बिर्याणीचा घाट घालू नको, नाचणीची भाकरी अन् वांग्याचं कालवण कर. माझ्या आधी तुझ्या हातचं ही माणसं खाणार, याचा राग येतोय खरा.

"फिरोजला इकडं पाठवलं तर?" असं बाईंनी विचारलं, तर लगेच व्हय म्हणू नको. तोंडातला घास सावकाश संपव, मग बोल. आपल्याला घाई झालीय, असं दिसायला नको.

लई झालीय, अन्वरी.

तुझा,
फिरोज