अस्तराचा वास

मंगळवार, कुंभवली

उद्या ह्यांना छातीच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचंय. पिशवी शिवून झाली. रिपोर्टांना मोठा कप्पा, औषधांना दोन छोटे. अस्तराला ह्यांचा कंपनीतला जुना शर्ट वापरला, तीच चूक. तीनदा धुतलेला, तरी इस्त्री फिरवली तसा केमिकलचा वास उठला.

"एवढे कप्पे? लग्नाला चाललोय का मी?" हे हसले, मग खोकत राहिले.

मी अस्तर उसवायला घेतलं. म्हटलं, वास येतोय.

त्यांनी पिशवीत तोंड घालून दोनदा हुंगलं. "कसला वास? काय नाय येत."

कधीपासून येत नसेल? डॉक्टरांना सांगायला हवं. आणि ह्यांना?

"मग मला भास झाला असेल," म्हटलं. उसवलेलं पुन्हा शिवलं. हात साबणाने धुतले. वास आहेच.