अंतोनियाचा निबंध

सान्तियागो, रविवार

लाडके ओर्मेसिंदा,

मेरीमाता तुम्हां सगळ्यांना सुखात ठेवो. मी बरी आहे. आईचा खोकला कमी झाला का?

इथे एक प्रकार घडला, पण घाबरू नकोस. मी सांभाळते त्या अंतोनियाला शाळेत गोष्टीच्या पुस्तकातल्या दोन कुटुंबांची तुलना लिहायची होती. एक श्रीमंत, जो तो आपापल्या खोलीत जेवणारा. दुसरं गरीब, एकाच पातेल्याभोवती भांडणारं. तिनं लिहिलं, 'मला भांडणाऱ्यांच्या घरी राहायला आवडेल. तिथे कुणी रुसलं तर सगळे समजूत काढतात.'

तिच्या आईनं, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, वही माझ्यासमोर आपटली. "हे तूच भरवलंस ना तिच्या डोक्यात?"

"मी ते पुस्तक उघडलंसुद्धा नाही, बाई."

अंतोनिया मध्येच म्हणाली, "तिला कशाला बोलतेस? आई, मी रुसले होते ते तुला कळलं तरी का?"

बाईंनी वही उचलून पुन्हा वाचली. आता त्या लेकीबरोबर जेवतात, पण माझ्यावरची नजर काही हटत नाही. पोरगी मला बिलगली की लगेच तिला हाक मारतात.

खरं सांगू? 'तुझी यादिरा मजेत आहे, आईची आठवणही काढत नाही' असं तू लिहितेस, तेव्हा माझ्याही मनात बाईंसारखंच काहीतरी येतं. माझी लेक तू जिवापाड सांभाळतेस, आणि मी हे असं! माफ कर गं.

फेब्रुवारीत रजा मिळाली आहे, पेरूला आपल्या घरी येते. यादिराला आधी सांगू नकोस. मला दारात पाहून ती कुणाकडे धावते, ते मला बघायचंय.

तुझीच थोरली बहीण,
नेलिदा