सुटलेला टाका

आई,

तुमच्या मुलाशी घटस्फोट झाला तरी तुम्हाला दुसरी हाक मारायला जीभ वळत नाही.

यंदा एकटीने लोकरीची टोपी विणली. सोपीच. सुलट टाक्यांची एक रुंद पट्टी विणायची, कडा शिवायच्या आणि वरचं तोंड दोऱ्याने आवळायचं. तरी एक टाका सुटला आणि पार खालपर्यंत उसवत गेला. तुमच्या घरी माझा टाका कधीच सुटला नव्हता, म्हणून चक्रावले. मग आठवलं, कामावरून आले की माझं विणकाम सकाळपेक्षा घट्ट लागायचं. मी नसताना तुम्ही ते उसवून पुन्हा विणत होतात. मला कधी कळूही दिलं नाहीत. आणि मला वाटायचं, माझं काही तुमच्या मनालाच येत नाही.

सुटलेल्या टाक्याला नुसती सेफ्टी पिन लावून ठेवली आहे. टोपी उद्या तुम्हाला पाठवते. हे पत्र राहील इथेच. ते भोक दिसल्यावर तुम्हाला चैन पडायचं नाही. पाकिटावर माझा पत्ता घालणार नाही, फक्त फोन नंबर. दुरुस्त केलेली टोपी कुठे पाठवू, एवढं विचारायला तरी फोन कराल.

तुमची,
कोण ते तुम्हीच ठरवा