बुटातल्या चिठ्ठ्या

कोचसाहेब,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

लेकीचे धावायचे बूट आज मी उसवले. शर्यत हरली की प्रार्थना लिहून तळव्याखाली ठेवायची, ही तुमच्या कॉलेजातली शिस्त. तिच्या नऊ चिठ्ठ्या निघाल्या. परवाच्या, शेवटच्या चिठ्ठीत ती लिहिते, "देवा, उद्या मला उठवू नकोस."

पोर महिनाभर झोपली नाही म्हटल्यावर तुम्ही हसून म्हणालात, "काका, श्रद्धा कमी पडतेय." शिसारी आली. देव म्हणजे तुमची शिट्टी नव्हे. दुपारी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेतोय.

हे पत्र तुमच्या टेबलावर आपटणार होतो. पण सगळ्यांत खालची चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे. ती आत ठेवून मीच सुबक टाके घातले होते: "देवा, हिला जिंकव, माझी मान खाली जाऊ देऊ नकोस."

बूट शिवणारा,
तिचा बाप